सिंदीपेक्षा लहान गावातली विमानं

झेक प्रजासत्ताकाच्या आग्नेय भागात, मोराव्हियात, कुनोवित्से नावाचं गाव आहे. वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास. वर्धा जिल्ह्यातलं आपलं सिंदी (रेल्वे) त्याहून चांगलंच मोठं. तरीही कुनोवित्सेत विमानं तयार होतात आणि ती करणाऱ्या कंपन्या एकाहून जास्त आहेत. एव्हेक्टर तिथलीच, बीआरएम एरो तिथलीच, स्पोर्टक्रूझर हे विमान बांधणारी झेक स्पोर्ट एअरक्राफ्टही तिथलीच. स्लोव्हेनियात आयडोव्श्चिना हे असंच सात हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. तिथल्या पिपिस्ट्रेल कंपनीची विमानं आज आपल्या एनसीसीची मुलं-मुली उडवतात.

मुंबई-हावडा मार्गावरच्या, नागपूर आणि वर्धा यांच्या मधल्या सिंदीत बसून हे वाचलं की एक प्रश्न मनातून जात नाही. विमान म्हटलं की आपल्याला मैलभर लांबीचे कारखाने, हजारो कामगार आणि सरकारी तिजोरी आठवते. मग पाच-सात हजार वस्तीच्या गावांना हे जमलं कसं? युरोप श्रीमंत आहे, हे उत्तर पुरत नाही. पूर्व युरोपातली ही गावं १९८९ साली मुळीच श्रीमंत नव्हती. उत्तर शोधायचं तर आधी हे विमान असतं कसं ते पाहावं लागेल.

अल्ट्रालाइट किंवा मायक्रोलाइट विमानाची ओळख दोन आकड्यांत होते: वजन आणि वेग. युरोपात कित्येक वर्षं नियम असा होता की दोन माणसांचं विमान, माणसं आणि इंधन धरून, ४५० किलोंच्या आत बसलं पाहिजे. आपल्याकडेही मायक्रोलाइटसाठी हीच मर्यादा धरली गेली. दुसरा आकडा विमानाच्या सर्वांत कमी वेगाचा. वेग कमी करत गेलं की एका टप्प्यावर पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि पंख वजन पेलेनासा होतो. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. अल्ट्रालाइटला हा टप्पा ताशी ६५ किलोमीटरच्या वर येऊन चालत नसे. म्हणजे हायवेवरच्या एसटीपेक्षाही सावकाश वेगात त्याला हवेत तरंगावं लागे.

आता पंखाचं गणित मांडू. अशा विमानाचा पंख साधारण ११ चौरस मीटरचा असतो. ४५० किलो भागिले ११ केलं की प्रत्येक चौरस मीटरवर ४१ किलोंचा भार येतो. नागपूरच्या विमानतळावर उतरणाऱ्या एअरबस ए-३२० चा पंख सुमारे १२२ चौरस मीटरचा आणि वजन जास्तीत जास्त ७८ टनांच्या घरात, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ६३५ किलो. भार साडेपंधरा पट. पंखाची उचलण्याची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे साडेपंधरा पट भार पेलायला वेग जवळजवळ चौपट लागतो. अल्ट्रालाइटचे ६५ आणि एअरबसचे उतरतानाचे सुमारे २५० किलोमीटर, हा फरक ढोबळमानानं या हिशोबाला धरूनच आहे.

माझ्या मते सगळं रहस्य इथे आहे. धडकेतली ऊर्जासुद्धा वेगाच्या वर्गानेच वाढते. सावकाश उडणारं, हलकं, दोनच माणसांना नेणारं यंत्र कोसळलं तर दुःख होतं, पण ते एका वस्तीवरचं संकट होत नाही. म्हणून कायदा अशा यंत्रावर हलका हात ठेवू शकतो. प्रवासी विमानाच्या प्रत्येक खिळ्यामागे जी कागदपत्रं, ज्या चाचण्या आणि जो खर्च असतो, तो या विमानावर लादला नाही तरी समाजाचं फारसं नुकसान होत नाही. तो खर्च उतरला की वीस-तीस माणसांची शेडसुद्धा विमान बांधू शकते. वजनाची आणि वेगाची मर्यादा ही अशा रीतीनं त्या लहान कारखान्याची परवानगीच असते.

पण ४५० किलोंत विमान बसवणं किती अवघड, हे कारखान्यातल्या माणसालाच विचारावं. चांगलं बांधलेलं दोन आसनी विमान रिकामं असताना २९० किलोंच्या आसपास भरतं. उरले १६०. दोन माणसं ७५-७५ किलोंची धरली की १५० संपले. इंधनाला राहिले १० किलो, म्हणजे जेमतेम १४ लिटर पेट्रोल. तेवढ्यात तासभरही धड उडता येत नाही. त्यामुळे या धंद्यात ग्रॅमाग्रॅमाची लढाई चालते. बैठकीची गादी, रंगाचा थर, वायरची जाडी, सगळं तराजूवर चढतं. संपूर्ण विमानाला खाली उतरवणारी छत्री बसवली तर युरोपीय नियमानं साडेबावीस किलो जादा मिळायचे, म्हणून ४७२.५ हा विचित्र वाटणारा आकडा तिकडच्या विमानांवर दिसतो. कागदावरचं वजन आणि प्रत्यक्षातलं वजन यांत अंतर पडतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. अखेर २०१८ च्या युरोपीय कायद्यानं सदस्य देशांना ही मर्यादा ६०० किलोंपर्यंत नेण्याची मुभा दिली, आणि ते शहाणपणाचं झालं. वजन वाचवण्यासाठी सांगाडा पातळ करण्यापेक्षा तो दणकट करायला वाव असणं केव्हाही बरं.

आता कुनोवित्सेकडे वळू. तिथे १९३० च्या दशकापासून विमानाचा मोठा कारखाना होता. पुढे ‘लेट’ या नावानं तो ओळखला गेला. १९५६ साली उडालेलं ब्लानिक हे दोन आसनी ग्लायडर तिथलं. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं ते ग्लायडर हजारोंच्या संख्येनं जगभर गेलं. १९६९ साली उडालेलं एल-४१० हे दोन इंजिनांचं छोटं प्रवासी विमानही तिथलंच; तशी अकराशेहून जास्त बांधली गेली. कम्युनिस्ट राजवटीत हे सगळं सरकारच्या हातात होतं. साध्या माणसाला उडायचं असेल तर ‘स्वाझार्म’ या निमलष्करी क्रीडा संघटनेच्या क्लबातून जावं लागे. घरच्या शेडमध्ये विमान बांधून उडवणं हा सत्तेच्या दृष्टीनं संशयाचा विषय होता, कारण असं विमान सीमेपलीकडेही जाऊ शकतं.

१९८९ च्या नोव्हेंबरात ती राजवट गेली. सोव्हिएत बाजारपेठ पुढच्या काही वर्षांत आटली आणि मोठे विमान कारखाने अडचणीत आले. पण पत्रा वाकवणारे, रिवेट मारणारे, ताण मोजणारे हात गावातच राहिले. नकाशे काढणारे अभियंते राहिले. १९९१ साली त्यांच्यातूनच एव्हेक्टर उभी राहिली. तिचं ईव्ही-९७ युरोस्टार हे विमान १९९७ साली उडालं आणि त्या घराण्यातली विमानं पुढे हजाराच्या वर गेली. ह्रादेत्स क्रालोव्हे शहरात टीएल अल्ट्रालाइट ही कंपनी तर १९८९ सालीच सुरू झाली होती. पीसेक गावातल्या फँटसी एअरनं अ‍ॅलेग्रो हे उंच पंखाचं, देखणं विमान काढलं. अशी नावं सांगू तेवढी थोडी.

मोठा कारखाना मोडला की त्याचे तुकडे गावभर रुजतात, असं मात्र आपोआप होत नाही. कित्येक गावांत कारखाना मोडला आणि मागे फक्त गंजलेलं पत्र्याचं छप्पर राहिलं. झेक लोकांच्या बाबतीत दोन गोष्टी वेळेवर जुळून आल्या.

पहिली म्हणजे कायद्याची. हौशी उड्डाण करणाऱ्यांनी आपली संघटना उभी केली, लेतेत्सका अमातेर्स्का असोत्सिआत्से, आणि सरकारनं अल्ट्रालाइट विमानांची नोंदणी, तपासणी आणि वैमानिकांचे परवाने हे काम त्या संघटनेच्याच हाती सोपवलं. विमान तपासायला येणारा निरीक्षक स्वतः अशी विमानं बांधणारा-उडवणारा असतो. त्याला काय बघायचं ते कळतं, आणि तो ढिलाई करत नाही, कारण अपघात झाला तर सगळ्यांचंच उड्डाण बंद पडेल हे तो जाणतो. सरकारी खात्याला प्रवासी विमानांकडे बघायला वेळ उरतो. मला या साऱ्या गोष्टीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच्यापुढे यंत्रविद्या दुय्यम आहे.

दुसरी गोष्ट इंजिनाची. लहान कंपनीला इंजिन स्वतः तयार करणं परवडत नाही. ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीनं १९८९ च्या सुमारास ‘९१२’ नावाचं चार सिलिंडरचं इंजिन बाजारात आणलं. वजन साठ किलोंच्या घरात, ताकद ८० अश्वशक्ती आणि पुढे १००. सिलिंडर हवेनं थंड होतात, त्यांची डोकी पाण्यानं. इंजिन मिनिटाला ५,८०० फेरे घेतं, पण मध्ये दातेरी चाकांची पेटी असल्यानं प्रोपेलर अडीच हजारांच्या आसपासच फिरतो. त्यापेक्षा जोरात फिरला तर पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जातात, आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. हे इंजिन साध्या मोटारीच्या पेट्रोलवर चालतं. आज जगातल्या या वर्गातल्या बहुतेक विमानांच्या नाकात तेच असतं.

एकदा एवढं जमलं की भोवती बाकीचे उभे राहिले. लिबेरेत्स शहरात गॅलॅक्सी ही कंपनी रॉकेटनं उडवायच्या छत्र्या करू लागली. वैमानिकानं दांडा ओढला की छोटं रॉकेट छत्रीला विमानापासून दूर खेचतं, ती उघडते आणि माणसांसकट विमान खाली येतं. वुडकॉम्पनं प्रोपेलर केले. २००४ साली अमेरिकेनं ६०० किलोंपर्यंतच्या ‘लाइट स्पोर्ट’ विमानांचा नवा वर्ग काढला. त्यात निर्मात्यानं ठरलेल्या मानकांप्रमाणे चाचण्या करून स्वतःच हमी द्यायची असते. त्या वर्गात मान्यता मिळवणारं पहिलं विमान २००५ साली कुनोवित्सेच्या एव्हेक्टरचं स्पोर्टस्टार ठरलं. साडेपाच हजारांच्या गावाला अमेरिकेची बाजारपेठ उघडली.

अशा कारखान्यात शिरलं तर दोन पद्धती दिसतात. एक पत्र्याची. अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापायचा, भोकं पाडायची, गंजरोधक थर द्यायचा आणि आतल्या फासळ्यांवर रिवेटांनी बसवायचा. यात डोळ्याला दिसतं तेच खरं असतं. रिवेट सैल असेल तर ती दिसते, पत्र्याला सुरकुती पडली तर ती दिसते. म्हणून पत्र्याचं विमान दुरुस्त करणं सोपं जातं. दुसरी पद्धत कापडाची. काचतंतूंचं किंवा कार्बनतंतूंचं कापड साच्यात अंथरायचं, त्यात इपॉक्सी मुरवायचं, हवा काढून दाबायचं आणि उबेत ठेवून घट्ट करायचं. पंख आरशासारखा गुळगुळीत येतो, विमान वेगवान होतं. पण आत हवेचा बुडबुडा राहिला किंवा थर सुटला तर तो बाहेरून दिसत नाही. त्यामुळे इथे सगळी भिस्त काम करणाऱ्याच्या शिस्तीवर: कोणत्या दिवशी, किती तापमानाला, कोणत्या डब्यातलं इपॉक्सी वापरलं, हे वहीत लिहिलंच पाहिजे.

आणि मग भाराची चाचणी. पंख पालथा बांधतात आणि त्यावर वाळूच्या पिशव्या रचतात; पालथा यासाठी, की उडताना हवा पंखाला वर उचलते आणि वाळू खाली दाबते. उड्डाणात झोके बसतात, वळताना भार वाढतो, म्हणून विमानाच्या वजनाच्या चौपट भार धरतात: १,८०० किलो. एवढ्या भाराखाली पंख वाकला तरी चालतो, पण भार काढल्यावर तो पूर्ववत झाला पाहिजे. त्यावर दीडपटीची सुरक्षितता: २,७०० किलो. हा भार पंखानं किमान तीन सेकंद मोडून न पडता पेलायचा. सिंदीच्या बाजारात तुरीचं पन्नास किलोंचं पोतं येतं, तशी ५४ पोती त्या सडपातळ पंखावर रचलेली डोळ्यांसमोर आणा. चाचणीचा पंख पुढे कधीच उडवत नाहीत. लहान कंपनीला एक पंख असा वाया घालवणं जिवावर येतं, पण ज्या कंपनीला तो खर्च वाचवावासा वाटतो तिनं विमानं करू नयेत.

आपल्याकडे या वाटेनं कोणी गेलंच नाही, असं नाही. मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया १९८८ साली लंडनहून भारतापर्यंत एकट्यानं मायक्रोलाइट विमानातून आले. तो प्रवास २३ दिवसांचा होता. बंगळूरमध्ये जोएल कोएश्लिन या फ्रेंच वैमानिकानं १९८० च्या सुमारास ‘राज हंस’ ही कंपनी सुरू केली. नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड, अशा साध्या बांधणीचं तिचं एक्स-एअर हे विमान हजाराच्या वर विकलं गेलं आणि त्यातली पुष्कळ युरोपात गेली. भारतात बांधलेलं अल्ट्रालाइट फ्रान्सच्या शेतांवरून उडतं, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. बंगळूरच्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं ‘हंसा’ हे दोन आसनी विमान केलं. ते अल्ट्रालाइटपेक्षा जड आहे. ते १९९३ साली उडालं आणि त्याची नवी आवृत्ती २०२१ साली. २०२५ मध्ये ते बांधण्याचा परवाना एका खासगी कंपनीला दिला गेला.

महाराष्ट्रातली गोष्ट कॅप्टन अमोल यादव यांची. मूळचे सातारा जिल्ह्यातले, व्यवसायानं वैमानिक. कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. त्याआधी दोन विमानांचे प्रयत्न होऊन गेले होते. हे तिसरं, म्हणून नाव टीएसी-००३. गच्चीवरून ते सुटं करून क्रेननं खाली उतरवावं लागलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तिथे लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी. उडवण्याची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. चाचणी उड्डाणं २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, पालघर जिल्ह्यात कारखान्यासाठी राज्य सरकारशी ३५ हजार कोटी रुपयांच्या आकड्याचा सामंजस्य करारही झाला.

या तारखा एकाखाली एक ठेवून पाहाव्यात. विमान लोकांसमोर आल्यापासून चाकं जमिनीवरून उचलायला चार वर्षांहून जास्त काळ गेला, आणि त्यातला मोठा भाग कागदांचा होता. सहा आसनी विमान अल्ट्रालाइटच्या वर्गात बसत नाही, त्यामुळे खात्यानं काटेकोरपणा करणं चूक म्हणता येणार नाही. पण मला खंत वाटते ती वेगळीच. कुनोवित्सेत माणूस आधी दोन आसनी, ४५० किलोंचं काहीतरी करतो, त्याचे दहा-वीस नग विकतो, चुका करतो, सुधारतो आणि मग मोठ्याला हात घालतो. जिन्याच्या खालच्या पायऱ्या तिथे बांधलेल्या आहेत. आपल्याकडे असामान्य जिद्दीच्या माणसालाही गच्चीवरून एकदम वर झेपावावं लागतं, आणि त्या झेपेचं कौतुक करून आपण मोकळे होतो.

खरेदी करताना मात्र आपण मागे नव्हतो. २०१५ साली भारतानं पिपिस्ट्रेलकडून व्हायरस एसडब्ल्यू-८० जातीची १९४ विमानं घेण्याचा करार केला: ७२ हवाई दलासाठी, १२ नौदलासाठी, ११० एनसीसीसाठी. सात हजारांच्या गावातल्या कंपनीला एवढी मोठी मागणी आपण दिली. पुढे २०२० मध्ये त्याच कंपनीच्या वेलिस इलेक्ट्रो या विमानाला, जगात प्रथमच एखाद्या पूर्ण विजेवर चालणाऱ्या विमानाला मिळालेली, युरोपीय मान्यता मिळाली, आणि २०२२ मध्ये सेसना कंपनीची मालक असलेल्या अमेरिकेच्या टेक्सट्रॉननं ती कंपनी विकत घेतली. ज्ञान तिथे साठत गेलं.

समजा, उद्या कुणी सिंदी-सेलूच्या टापूत असा कारखाना काढायचं मनावर घेतलं, तर त्याला झेक पुस्तकात नसलेले काही धडे इथली जमीन आणि इथलं ऊन देईल.

आधी ऊन. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ होते. समुद्रसपाटीच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेशी तुलना केली तर सिंदीच्या अडीचशे-तीनशे मीटर उंचीवर, ४५ अंशांत, हवा सुमारे १२ टक्क्यांनी हलकी असते. विमानाच्या दृष्टीनं ते जमिनीवर उभं असूनही सुमारे १,४०० मीटर उंचीवरच्या हवेत, म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीवर असतं. पंखाला तेवढंच वजन उचलायला वेग जास्त लागतो, इंजिनाला हवा कमी मिळते, प्रोपेलरची पकड ढिली पडते. तिन्ही तोटे एकत्र येतात. वैमानिकांच्या ढोबळ नियमानं हिशोब केला तर धावपट्टीवरची धाव जवळपास दीडपट होते. शिवाय नळीतलं पेट्रोल उकळून वाफेचा बुडबुडा अडकण्याची भीती, आणि कापड-इपॉक्सीच्या विमानाला उन्हात उभं ठेवण्याचा धोका. तसली विमानं जवळजवळ नेहमी पांढरी का असतात, याचं कारण हेच. गडद रंग तापतो आणि तापलेलं इपॉक्सी नरमतं. झेक हवामानात जमलेलं विमान इथे तसंच चालेल, असं गृहीत धरता येत नाही. इथल्या उन्हासाठी बांधलेलं विमान मात्र आफ्रिकेत, पश्चिम आशियात, कुठल्याही उष्ण देशात विकता येईल.

मग जमीन. युरोपातले हौशी वैमानिक गवताच्या पट्टीवर उतरतात. सपाट कुरण राखलं की झालं. आपली कापसाची काळी माती असं करू देत नाही. तिच्यातली चिकण माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पाडते. बैलगाडीचं चाक जिथे रुततं तिथे विमानाचं लहान चाक काय टिकणार? काळी माती खोदून काढायची, मुरूम भरायचा, दाबायचा, दोन्ही बाजूंना पाण्याला वाट द्यायची, एवढं केल्याशिवाय पाचशे मीटरची पट्टी उभी राहत नाही. हे काम महागडं नाही आणि इथल्या रस्ते बांधणाऱ्यांना पाठ आहे.

हातांचं काय? सिंदीचा तान्हा पोळा विदर्भभर नावाजलेला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी निघतात, त्यातले काही माणसाहून उंच, चाकांवर ओढत नेण्याजोगे. लाकडाचा तंतू कुठे वळतो, जोड कुठे द्यायचा, कोरताना कुठे थांबायचं, हे त्या सुतारांना हातानंच कळतं. लाकडी प्रोपेलर लाकडाच्या पातळ फळ्या चिकटवून घडवतात आणि त्यात हीच समज लागते. फक्त मोजमाप मिलिमीटरच्या अंशात जातं आणि दोन्ही पात्यांचं वजन काटेकोर जुळावं लागतं. परंपरा होती म्हणून विमान होईल, असला दावा मी करत नाही. पण जिथे हाताच्या कामाला अजून मान आहे तिथे नवं हातकाम शिकवणं सोपं जातं.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, जे. सी. कुमारप्पांनी ते उभं केलं. कोणती वस्तू किती मोठ्या कारखान्यात करावी हा प्रश्न या जिल्ह्यानं तेव्हापासून विचारलेला आहे. आज जेएनपीए बंदराचं ड्रायपोर्ट सिंदीजवळ येतं आहे, समृद्धी महामार्ग सेलू तालुक्यातून जातो. पंख सुटे करून ठेवलेलं अल्ट्रालाइट एका कंटेनरमध्ये मावतं.

आणि कुनोवित्सेतल्या जुन्या ‘लेट’सारखं काहीतरी नागपुरात घडू लागलं आहे. मिहानमध्ये दासो आणि रिलायन्सच्या भागीदारीतल्या कारखान्यात फाल्कन २००० या जेट विमानाचे भाग तयार होतात, आणि तिथेच पूर्ण विमान जोडण्याची घोषणा जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात झाली. नागपूरच्या आयटीआयमध्ये त्यासाठी विमानाच्या सांगाड्याचं काम शिकवणारा फिटरचा अभ्यासक्रम चालतो. सिंदीहून रोज रेल्वेनं नागपूरला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तो आवाक्यात आहे. ज्यांना हात लावण्याआधी उडून बघायचं आहे, त्यांच्यासाठी नागपूरलाच एनसीसीचं एअर स्क्वाड्रन आहे. पत्र्यात रिवेट बसवायला शिकलेली ही पोरं दहा-पंधरा वर्षांनी चाळिशीकडे झुकतील, काहींना नोकरी सोडून स्वतःचं काही करावंसं वाटेल. तोवर आपल्या नागरी विमान खात्यानं दोन आसनी, सहाशे किलोंपर्यंतच्या विमानांची तपासणी जाणत्या हौशी वैमानिकांच्या आणि बांधणाऱ्यांच्या संघटनेकडे सोपवली, तर त्यांना गच्ची शोधत बसावं लागणार नाही. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. त्याखालचे नियम लिहिताना ही पायरी बांधता येईल.